माझ्याच गाण्यात मी पाहुणा

मला फक्त एक गाणं लिहायचं होतं. हे मी आता इतक्या लोकांना सांगून झालंय की सांगतानाच दम लागतो, आणि रॉक गायकाला दम लागतो हे चारचौघांत कळलेलं बरं नाही. पण खरंच, एकच गाणं. रेडिओवर बातम्यांच्या आधी सहज बसेल एवढं. त्यात एकच माणूस गाणार होता आणि तो माणूस मी होतो.

मी इल्पो कानेर्विस्तो. 'लोखंडी रेनडिअर' या बँडचा गायक. नाव ऐकलं नसेल तर संकोच करू नका. फिनलंडमधल्या आमच्या टाम्परे शहरातसुद्धा हल्ली तरुण मंडळींना ते नटबोल्टच्या दुकानाचं नाव वाटतं. बँड केव्हाच मोडला. ड्रमवाला आता घरं विकतो, बास गिटारवाला मधमाश्या पाळतो, आणि मी संध्याकाळी प्रौढांच्या वर्गात गाणं शिकवतो. वर्गात बहुतेक निवृत्त लोक. आयुष्यभर 'हळू बोला, शेजारी झोपलेत' या शिस्तीत वाढलेल्या दंतवैद्याला पोटातून ओरडायला शिकवणं काय असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. तो ओरडतो आणि लगेच माफी मागतो.

तर मार्चमधली सकाळ. मेर्या, म्हणजे माझी बायको, आणि मी तिच्या बहिणीकडे निघालो होतो. गाडी सुरू होईना. मी बाहेर उभा राहून काचेवरचा बर्फ खरवडत होतो, मेर्या आत बसून सरळ समोर बघत होती. तोंडातून चकार शब्द नाही. काचेचा एक पट्टा साफ झाला आणि त्यातून मला तिचे डोळे दिसले. इतक्या वर्षांचा संसार, मधे एक काच, आणि अशी शांतता! माझ्या अंगावर काटा आला. थोडा थंडीनं असेल, पण थोडा कलेनं. तिथल्या तिथे दोन ओळी सुचल्या:

गाडी सुरू होत नाही, तूही काही बोलत नाहीस,
काचेवर बर्फ बाहेरून आहे, की आतून, सांगत नाहीस.

कित्येक वर्षांत मला ओळ सुचली नव्हती. सुचायची ती किराणा सामानाची. मी आठवडाभर दार लावून तीन कडवी पुरी केली. मेर्याला दाखवली नाहीत. असलं गाणं बायकोला हातात द्यायचं नसतं. ते तिला अवचित ऐकू यावं लागतं. ती ओट्याशी उभी असावी, रेडिओ लागलेला असावा, आणि तिचा हात कांदा चिरता चिरता थांबावा. हे दृश्य मी मनात इतकं घोळवलं होतं, की कांदा कुठल्या जातीचा हेही ठरलेलं होतं.

गाणं घेऊन मी पासीकडे गेलो. पासीची छोटीशी रेकॉर्ड कंपनी आहे. ती एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आहे, त्यामुळे तिथे निघालेल्या सगळ्या जुन्या रेकॉर्डमध्ये नीट कान दिला तर घंटी ऐकू येते. पासीनं डोळे मिटून गाणं ऐकलं.

"चांगलंय," तो म्हणाला. "कोण आहे यात?"

"मी."

"ते दिसलं रे. पण *कोण* आहे?"

"म्हणजे?"

"इल्पो, आता एकट्यानं कोण गातं? 'अमुक, सोबत तमुक' असं असतं. ऐकणाऱ्याला दोन नावं लागतात. एक ओळखीचं आणि एक..." इथे तो थांबला आणि माझ्याकडे बघून त्यानं कॉफी ओतली. "आणि एक तू."

अपमान गिळायला कॉफीइतकी चांगली वस्तू नाही. गरम असते, त्यामुळे डोळ्यांत पाणी आलं तरी खपून जातं.

पासीच्या ओळखीतून वेन्ला स्युर्यानोया ही तरुण गायिका मिळाली. वेन्लाचं नाव न ऐकलेला माणूस टाम्परेत शोधून सापडणार नाही, फक्त मी नव्हतं ऐकलं. ती हेरवांता या उपनगरातल्या आमच्या फ्लॅटवर आली, बूट दारात काढले, माझ्याकडे बघून हात जोडल्यासारखं केलं आणि म्हणाली, "दिग्गज!"

मला बरं वाटलं. नंतर कळलं की ती चाळिशीपुढच्या सगळ्यांनाच दिग्गज म्हणते. आमच्या पोस्टमनलासुद्धा म्हणाली.

"गाणं जबरदस्त आहे, दिग्गज. एकच अडचण आहे. गाडी."

"गाडीचं काय?"

"गाडी नको. माझे ऐकणारे गाडी चालवत नाहीत. त्यांना ते धुराबिराचं वाटेल. ट्राम कर ना."

"ट्राममध्ये काच खरवडायला कोण उतरतं?"

"अरे, ती भावना आहे," वेन्ला म्हणाली. "भावनेला काच कशाला लागते?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण तोवर तिनं फोनमध्ये 'ट्राम सुरू होत नाही' गाऊन टाकलं होतं. आणि सांगायला जीभ अडखळते, पण छान गायलं होतं. इतकं छान, की तिनं शेवटचा सूर ताणला तेव्हा दारावर कुणीतरी धाडधाड बुक्के मारले.

दारात उंतो हिएतालाहती. आमच्या सोसायटीचे चेअरमन. भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक. सोसायटीतलं प्रत्येक रोप, प्रत्येक सायकल आणि प्रत्येक माणूस नेमून दिलेल्या जागी उभा आहे की नाही, हे ते रोज दोनदा बघतात.

"इल्पो, हे काय चाललंय?"

"गाणं लिहितोय, उंतोकाका."

"लिहायला आवाज कशाला लागतो?"

मी त्यांना कॉफीला आत बोलावलं, हीच माझी पहिली चूक. ते तक्रार करायला आले होते. तीन कप कॉफी आणि दोन दालचिनीचे पाव संपेपर्यंत सल्लागार होऊन बसले. त्यांनी कागद डोळ्यांशी धरला.

"ट्राम सुरू होत नाही? कधी झालं हे?"

"झालं नाही हो. कल्पना आहे."

"ट्राम सुरू होण्या-न होण्यात कल्पनेला जागा नाही. वरून वीज येते, खाली रूळ असतात. बंद पडली तर तारेत दोष. मग या बाईनं बोलायचं कशाला? तिनं तक्रार केंद्राला फोन करावा."

"बरोबर आहे काका," वेन्ला अगदी मनापासून म्हणाली. "मग वाद्यांचं काय वाटतं तुम्हाला?"

हे विचारायला नको होतं. काकांचा चेहरा हळूहळू उजळला. त्यांच्याकडे अकॉर्डियन होतं. सोसायटीत हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याविषयी कुणी बोलत नसे.

पुढच्या आठवड्यात जिन्यात नोटीस लागली. सोसायटीच्या आवारात गीतरचना करण्यास कार्यकारिणीची परवानगी आवश्यक. सभा झाली. सायकल स्टँडचा पत्रा आणि कचऱ्याच्या डब्यांची झाकणं यांच्या मधे माझं गाणं विषयपत्रिकेवर होतं. माझ्या हृदयातून आलेली ओळ खजिनदारांनी मोठ्यानं वाचली, कचऱ्याच्या झाकणाच्या सुरात. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "यात ज्या बाईचा उल्लेख आहे ती आपल्याच बिल्डिंगमधली का?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मेर्याची त्या दिवशी दवाखान्यात ड्यूटी होती म्हणून मी वाचलो. निर्णय पुढच्या सभेवर ढकलला.

तो प्रत्यक्षात झाला सोसायटीच्या सॉनात, म्हणजे वाफेच्या खोलीत. माझी पाळी होती, आणि उंतोकाका 'चुकून' आधीच येऊन वरच्या बाकावर बसले होते. तापल्या दगडांवर पाणी टाकून ते म्हणाले, "परवानगी मिळेल. दुसऱ्या कडव्यानंतर अकॉर्डियन हवं."

अंगावर टॉवेलसुद्धा नसताना माणूस तत्त्वासाठी लढू शकत नाही. मी हो म्हटलं. खाली कपडे बदलताना ते सहज म्हणाले, "आइलाला सांगितलंय मी. तिचा कॉयर मोकळाच आहे."

आइलाकाकू म्हणजे त्यांच्या पत्नी. चर्चच्या महिला कॉयरच्या, म्हणजे गायकवृंदाच्या, प्रमुख. मी ठाम नकार द्यायचं ठरवलं होतं, पण स्टुडिओचा प्रश्न आडवा आला. पासीच्या कंपनीत सायकलची घंटी वाजते म्हणून वेन्लाला दुसरीकडे रेकॉर्डिंग हवं होतं. सरोवरप्रांत कलानिधी नावाची एक संस्था कलाकारांना स्टुडिओ फुकट वापरू देते. तिथल्या मार्केत्ता नावाच्या बाई फार गोड बोलायच्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सुंदर प्रकल्प. फक्त यात समाज दिसत नाही."

"गाण्यात दोनच माणसं आहेत."

"हो, तीच अडचण आहे. दोन माणसं म्हणजे समाज होत नाही हो."

मी म्हणालो, माझा एक कॉयर आहे. असं खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. जिना उतरेपर्यंत, आइलाकाकूंना केलेल्या एका फोनवर, ते खरं झालं होतं.

कॉयरच्या बायका आमच्या दिवाणखान्यात उभ्या राहिल्या तेव्हा पडदे हलले. आवाज भव्य. त्या गाडी किंवा ट्राम न म्हणता नुसतं 'आ' करत राहिल्या असत्या तर मला रडू आलं असतं. पण आइलाकाकूंनी चष्मा लावून तिसरं कडवं वाचलं, आणि बोट एका शब्दावर ठेवलं. संपूर्ण गाण्यात मी एकच शिवी घातली होती. जपून, जागा बघून. बर्फ खरवडायची पट्टी मोडते त्या क्षणी.

"इल्पो बाळा, हे आम्ही म्हणणार नाही."

"काकू, हे रॉक गाणं आहे. एक तरी लागते."

"आमचे पास्टर रेडिओ ऐकतात." त्यांनी पेन्सिल काढली. "इथे 'अरेरे' छान बसेल."

बसलं. दुर्दैवानं अगदी मात्रेत बसलं.

मेर्या दवाखान्यातून थकून यायची, दारात बुटांचा ढीग बघायची, आणि सरळ झोपायच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. एकदा तिनं विचारलं, "हे गाणं आहे तरी कशावर?"

"ट्रामवर," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

"तुला ट्राम आवडत नाही ना?"

"नाही," मी म्हणालो, आणि आम्ही दोघं वाटाण्याचं सूप प्यायलो.

रेकॉर्डिंगच्या दिवशी वेन्ला सोबत एक मुलगा घेऊन आली. उंच, कपाळावर बर्फाचा स्फटिक गोंदवलेला. नाव 'कडाका'. रॅप करतो. खरं नाव ओस्कारी, आणि इतका सभ्य की मला त्याच्यावर चिडताही येईना. "सर, माझं एक छोटंसं कडवं आहे. नको असेल तर सांगा, मी लगेच जातो," असं म्हणून तो माइकसमोर उभा राहिला आणि आपल्या आजीच्या तळ्याकाठच्या घराविषयी, तिच्या कुत्र्याविषयी, आणि त्या कुत्र्याच्या आजारपणाविषयी एका श्वासात इतकं बोलला, की कॉयरमधल्या दोन बायका डोळे पुसायला लागल्या. ट्रामशी त्याचा संबंध एवढाच, की कुत्रा डॉक्टरकडे ट्रामनं गेला.

उंतोकाकांनी अकॉर्डियन वाजवलं. वाईट वाजवलं असतं तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

संध्याकाळी ध्वनिमुद्रकानं सगळं जोडून ऐकवलं आणि मान हलवली. "लांब झालंय. रेडिओ घेणार नाही. काहीतरी कापावं लागेल."

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. अकॉर्डियन कापता येत नव्हतं, त्याला सोसायटीच्या ठरावाचा आधार होता. कॉयर कापला तर समाज गेला, आणि समाज गेला की स्टुडिओ गेला. वेन्लाला कापणं म्हणजे गाणंच फेकून देणं. ओस्कारी म्हणाला, "माझं कापा सर, खरंच," तेव्हा सगळ्या कॉयरनं "अगं बाई, नाही नाही!" केलं. कुत्र्यावर त्यांचा जीव जडला होता.

मग सगळ्यांचे डोळे हळूहळू माझ्याकडे वळले. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. बसमध्ये म्हातारं माणूस चढल्यावर सगळे एखाद्या धडधाकट तरुणाकडे बघतात, तसं. पंचावन्नाव्या वर्षी तो मान मला मिळाला.

"माझी दोन कडवी काढा," मी म्हणालो. त्यागाचा आवाज वेगळा असतो. कुणीतरी 'नाही, नाही' म्हणावं म्हणून मी तो जरा जास्तच वेगळा काढला. सगळे म्हणाले, "थँक्यू."

तिसरं कडवं ट्राममध्ये बसेना म्हणून तेही निघालं, त्यातला एक शब्द सोडून. माझ्या वाट्याला उरलं ते 'अरेरे'. ते मात्र मी जीव ओतून गायलो. ध्वनिमुद्रक म्हणाला, त्यात खरंच वेदना आहे.

गाणं निघालं. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत वेन्ला. खाली 'सोबत: कडाका, उंतो हिएतालाहती, संध्यातारा महिला कॉयर' आणि अगदी तळाशी, बारकोडला चिकटून, 'व इल्पो के.' कानेर्विस्तो पुरं मावलं नव्हतं. म्हणजे मी माझ्याच गाण्यात पाहुणा होतो, तोही असा पाहुणा ज्याला ओट्याजवळच्या स्टुलावर बसवतात.

आणि गाणं चाललं, हो. सुपरमार्केटमध्ये वाजलं, दंतवैद्याच्या प्रतीक्षालयात वाजलं. मेर्यानं कांदा चिरताना रेडिओवर ते ऐकलंसुद्धा. तिचा हात थांबला नाही. ती म्हणाली, "कुत्र्याचं ऐकून वाईट वाटतं." एका मासिकात परीक्षण आलं: 'अकॉर्डियन हे या गाण्याचं हृदय आहे.' उंतोकाकांनी ते कात्रण सोसायटीच्या फलकावर लावलं, सॉनाच्या वेळापत्रकाशेजारी. आता ते मला जिन्यात भेटले की म्हणतात, "नवीन काही लिहितोयस का? मला वेळ आहे."

जुलैमध्ये एका लहान गावातल्या उत्सवाचं बोलावणं आलं. तळ्याकाठी मंच, दुपारची वेळ, डास आणि तळलेल्या माशांचा वास. मेर्या माझ्या कार्यक्रमांना येत नाही. तिला गर्दी सोसत नाही, आणि मला तिच्यासमोर गायला लाज वाटते. या वेळी ती आली, कारण अकॉर्डियन आमच्या गाडीत होतं आणि कॉयरमधल्या तिघीही, आणि कुणीतरी शहाणं माणूस गाडी चालवायला हवं होतं.

मंचावर चढल्यावर ध्वनीवाला माझ्याजवळ आला. तो माइक मोजून दमलेला दिसत होता.

"साहेब, कॉयर जरा मोठा आहे. माइक संपले. तुम्ही काय गाता?"

"अरेरे," मी म्हणालो.

"खरंय," तो म्हणाला. "पण गाता काय?"

मी त्याला सांगितलं. त्यानं क्षणभर विचार केला आणि माझा माइक सौजन्यानं उचलून आइलाकाकूंना दिला.

तर मी मंचाच्या उजव्या कडेला उभा. समोर हजारो लोक उड्या मारतायत, वेन्ला नाचतेय, उंतोकाका डोळे मिटून भाता ओढतायत. आणि माझ्यासमोर काहीच नाही. वाऱ्यासमोर गळा काढून उभ्या असलेल्या माणसाची अवस्था काय होते, ते मी शब्दांत सांगू शकत नाही. खाली उतरावं असं मनात आलं. पण पायऱ्या दुसऱ्या बाजूला होत्या, आणि मधे कॉयर.

मग माझं काहीतरी फिरलं. ऐकू येणार नाहीच ना कुणाला? मी माझं गाणं गायला लागलो. माझं म्हणजे माझं. गाडीचं. तिन्ही कडवी, शिवीसकट. घसा फोडून गायलो, प्रौढांच्या वर्गात दंतवैद्यांना सांगतो तसं, थेट पोटातून. कुत्रा ट्राममधून चालला होता तेव्हा मी काच खरवडत होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या माझ्यासाठी नव्हत्या. पण मला घाम आला होता, आणि तसा घाम फार वर्षांत आला नव्हता.

वळून बघतो तर मंचाच्या कडेला, पडद्याला टेकून, मेर्या उभी. माझ्यापासून हातभर अंतरावर. हातात अकॉर्डियनची रिकामी पेटी.

कॉयरला परतीची बस मिळाली, उंतोकाका चाहत्यांच्या गराड्यात तिथेच राहिले, आणि आम्ही दोघं गाडीत बसलो, परतीला चाक माझ्या हातात. बराच रस्ता मागे गेल्यावर ती म्हणाली, "ते ट्रामचं नव्हतं."

"नव्हतं."

"आपल्या गाडीचं होतं. मार्चमधलं. आपण माझ्या बहिणीकडे निघालो होतो."

"हो."

"इल्पो, तुला वाटलं मी तुझ्याशी बोलत नाहीये?"

"तू बोलत नव्हतीस."

"अरे, माझी दाढ दुखत होती!"

मी रस्त्याकडे बघत राहिलो. दोन्ही बाजूंनी बर्चची झाडं चालली होती.

"तोंड उघडलं की थंड हवा लागत होती," मेर्या म्हणाली. "नंतर तुला दोन दिवस सांगत होते, दंतवैद्याची वेळ घे म्हणून. तू दार लावून बसला होतास."

इतकी मोठी शांतता, इतकं गूढ, काचेच्या आतून की बाहेरून तो सगळा प्रश्न, आणि मुळाशी उजवीकडची खालची दाढ! मला हसावं की गाडीतून उडी मारावी कळेना. मेर्या मात्र हसत होती. मग हसायची थांबली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पण ते दुसरं कडवं चांगलं आहे. डोळ्यांचं. ते परत म्हण ना."

"आता?"

"मग कधी? माइक आल्यावर?"

मी म्हटलं. हळू, गाडीच्या आवाजापेक्षा थोडं वर. ती ऐकत होती. मधे तिनं हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, गिअर बदलताना थोडी पंचाईत झाली, पण मी तो काढला नाही.

पुढे पेट्रोल पंपावर आम्ही कॉफीला थांबलो. बाहेर अजून लख्ख ऊन. मेर्यानं पाव अर्धा तोडून मला दिला आणि गालाला हात लावून दाढ चाचपली, आणि तेवढ्यात, काय सांगू, मला ओळ सुचली. दाढेवर. चालीसकट. मी बशीवर चमच्यानं ठेका धरला आणि अगदी खालच्या आवाजात गुणगुणलो. मेर्याचे डोळे मोठे झाले. तिला आवडली होती.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वर्तमानपत्र खाली केलं. जाडजूड, हसऱ्या, पायात रबरी बूट.

"गोड आहे हो चाल," त्या म्हणाल्या. "मी पूर्वी ट्रॉम्बोन वाजवायची."

मेर्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मेर्याकडे पाहिलं. आम्ही पाव तिथेच टाकला, कॉफी तिथेच टाकली, आणि गाडीकडे पळालो.